आधी पाहा, मग आखा : पॅट्रिक गेडिस

आर्किटेक्चर किंवा डिझाइन शिकणारं कोणी तुमच्या ओळखीत असेल तर विचारून बघा. आराखडा काढायच्या आधी त्याला 'साइट' बघायला पाठवतात. तिथे नेमकं काय बघायचं? बरीच मुलं टेपने लांबी-रुंदी मोजतात, मोबाइलवर फोटो काढतात आणि परततात. जागा बघायची कशी हे ज्या माणसाने आयुष्यभर शिकवलं, त्याची ही ओळख.

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधल्या बॅलटर गावी झाला. बालपण गेलं पर्थ शहराजवळ. निवृत्त सैनिक असलेले वडील त्यांना बागेत काम करायला लावत, किनूलच्या टेकडीवर फिरायला नेत. वरून खाली पाहिलं की नदी, शेतं, शहर असं सगळं एकमेकांना जोडलेलं दिसे. पुढे लंडनला हक्सलींकडे ते जीवशास्त्र शिकले, पण पदवी काही घेतली नाही. (पदवी नसलेला हा माणूस नंतर डंडीत वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक झाला, हेही मुलांना सांगायला हरकत नाही!)

१८७९ मध्ये मेक्सिकोत संशोधन करताना त्यांची दृष्टी गेली. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. खिडकीच्या तावदानांच्या चौकटी बोटांनी चाचपताना त्यांना सुचलं, की विचारही असेच चौकोनांत मांडता येतील. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकाचं काम फारसं जमेना. मग त्यांनी नजर वळवली ती माणसांच्या वस्तीकडे. जागा, काम आणि लोक या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय कुठलंही ठिकाण समजत नाही, असं ते मांडू लागले.

१८८६ मध्ये नवविवाहित पत्नी ॲना यांच्यासह ते एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ वस्तीत राहायलाच गेले. तिथे झाडलोट, रंगरंगोटी, दुरुस्ती सगळं केलं. १८९२ पासून तिथल्याच एका मनोऱ्यात त्यांनी अजब शाळा थाटली. पाहुण्याला आधी झपाझप थेट वर न्यायचं. तिथल्या अंधाऱ्या खोलीत भिंगातून शहराचं हलतं चित्र पांढऱ्या टेबलावर उमटे. मग एकेक मजला खाली यायचं. आधी एडिंबरो, मग स्कॉटलंड, युरोप आणि शेवटी जग. आपण शाळेत भूगोल जवळून दूर शिकवतो ना, अगदी तसंच.

१९१४ मध्ये ते भारतात आले. त्यांचं नगररचनेचं प्रदर्शन घेऊन येणारं जहाज 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने बुडवलं. तरी नवी चित्रं जमवून १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरलंच. तेव्हा आपल्याकडे दाट वस्त्यांतून सरळ, रुंद रस्ते काढायची टूम होती. नकाशावर पट्टीने रेघ ओढायची आणि मधे येतील ती घरं पाडायची. पण त्या घरांतल्या माणसांनी जायचं कुठे? ती शेजारच्या आणखी दाट गल्लीत कोंबली जात. गेडिस हातात नकाशा घेऊन गल्लीबोळांतून तासन् तास पायी फिरत. कुठलं घर आधीच पडलंय, कुठे विहीर आहे, सावली कुठे पडते हे टिपत. पडकी घरं तेवढी काढायची, तिथे छोटा चौक करायचा, झाड लावायचं. बाकीची वस्ती जागच्या जागी राहायची आणि खर्चही कितीतरी कमी. डासांपायी तलाव बुजवू नका, त्यांत मासे आणि बदकं सोडा, असंही ते सुचवत.

इंदूरला प्लेगची भीती होती. तिथे त्यांनी दिवाळीची मिरवणूक ठरवली आणि जाहीर केलं, की नेहमीचा मार्ग रद्द. ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ होतील तिथूनच मिरवणूक जाईल. मग काय, सगळं शहर झाडू घेऊन कामाला लागलं. मला विचाराल तर हा त्यांचा सर्वांत मोठा पाठ.

याच काळात, १९१७ साली, त्यांचा थोरला मुलगा युद्धात गेला आणि ॲनाही भारतातच वारल्या. तरी काम थांबलं नाही.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. वक्ता म्हणून ते अवघडच! दाढीत पुटपुटत, विषय सोडून भरकटत. पण विद्यार्थ्यांना शहरात फिरायला लावत. आपल्या मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी त्यांच्यासाठी मुंबई शहरावरच निबंध लिहिला. तो गेडिस यांना पसंत पडला आणि घुर्ये शिकायला विलायतेला गेले. १९२४ मध्ये त्या विभागाची सूत्रं घुर्ये यांच्याकडे आली.

गेडिस तोवर फ्रान्समध्ये माँपेलिएला पोचले होते. तिथल्या खडकाळ माळावर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह बांधलं, मनोरा उभारला, बाग फुलवली. १७ एप्रिल १९३२ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.