शिवकर बापूजी तळपदे

शिवकर बापूजी तळपदे (जन्म: इ.स. १८६४, मुंबई, मृत्यू: इ.स. १९१६, काही ठिकाणी १९१७) हे वेदांचे अभ्यासक, संपादक आणि विमानविद्येचे हौशी प्रयोगकर्ते होते. इ.स. १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी 'मरुत्सखा' नावाचे मानवरहित विमान उडवले, असा दावा त्यांच्या नावाशी जोडला जातो.

जीवन

तळपदे यांचा जन्म मुंबईतील चिराबाजार भागात राहणाऱ्या पाठारे प्रभू कुटुंबात झाला. सर जे. जे. कला विद्यालयात शिकत असताना चिरंजीलाल वर्मा या शिक्षकांमुळे स्वामी दयानंद सरस्वती यांच्या ग्रंथांशी त्यांचा परिचय झाला. दयानंदांनी आपल्या वेदभाष्यात विमानांचे उल्लेख दाखवून दिले होते. तळपदे यांच्या पुढील आयुष्याला तेथूनच दिशा मिळाली. ते आर्य समाजाचे सदस्य झाले व 'आर्यधर्म' या नियतकालिकाचे संपादन त्यांनी केले. 'प्राचीन विमानकलेचा शोध' हे त्यांचे पुस्तक इ.स. १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले.

मरुत्सखा

मरुत् म्हणजे वारा. त्याचा सखा तो मरुत्सखा. हे यंत्र बांबूच्या सांगाड्याचे होते, ते सुमारे १,५०० फूट उंच गेले आणि नंतर कोसळले, असे सांगितले जाते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड उपस्थित होते, असेही सांगतात. त्या काळच्या 'केसरी'त वृत्त आल्याचा उल्लेख वारंवार होतो. मात्र तो अंक कोणी पुढे आणलेला नाही. उपलब्ध कथने बहुतांशी नंतरच्या आठवणींवर आधारलेली आहेत.

इंधनाविषयीचा दावा अधिक तपासण्याजोगा आहे. पाऱ्यावर सूर्यकिरणांचा परिणाम होऊन विमानाला गती मिळाली, असे म्हटले जाते. पारा पाण्याच्या सुमारे १३.६ पट जड असतो. एक लिटर पाऱ्याचे वजन साडेतेरा किलोंहून अधिक भरते. तो उकळण्यास सुमारे ३५७ अंश सेल्सिअस तापमान लागते. उडत्या यंत्रात अशा जड द्रवाची भट्टी वाहून नेणे म्हणजे जमिनीवरच अडकून पडणे होय.

याच सुमारास अमेरिकेत सॅम्युएल लँग्ली हे शास्त्रज्ञ वजन व शक्ती यांचे गणित सोडवीत होते. त्यांचे वाफेच्या इंजिनावरचे मानवरहित विमान, 'एरोड्रोम क्रमांक ५', ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडाले. त्याचे पंख सुमारे ४.२ मीटर रुंद आणि वजन अवघे ११ किलो होते. म्हणजे एक लिटर पाऱ्यापेक्षाही कमी. त्या उड्डाणाची मोजमापे व छायाचित्रे जपली गेली. हवेत गेल्यावर त्याला वळवण्याची सोय मात्र नव्हती. बिनतारी लहरींनी होडी चालवण्याचे निकोला टेस्ला यांचे प्रात्यक्षिकसुद्धा इ.स. १८९८ मधील आहे.

वैमानिक शास्त्र आणि चिकित्सा

तळपदे यांना पंडित सुब्बराय शास्त्री यांचे मार्गदर्शन लाभले, असे मानले जाते. शास्त्रींनी सांगितलेला 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ भरद्वाज ऋषींचा असल्याचा दावा आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एच. एस. मुकुंद व सहकाऱ्यांनी इ.स. १९७४ मध्ये त्याची चिकित्सा केली. ग्रंथ इ.स. १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. राइट बंधूंच्या १७ डिसेंबर १९०३ च्या उड्डाणाआधी आठ वर्षे तळपदे यशस्वी झाले होते, हे विधान त्यामुळे पुराव्यावाचून राहते. परंतु पारतंत्र्यात, एका चित्रकलेच्या विद्यार्थ्याने ग्रंथ वाचून यंत्र बांधायचा ध्यास घ्यावा, ही गोष्ट त्या दाव्याहून वेगळी आहे आणि तिची नोंद स्वतंत्रपणे घ्यायला हवी.

नंतरचा काळ

पत्नीच्या निधनानंतर त्यांचे प्रयोग थांबले व त्यांच्या मृत्यूनंतर यंत्राचे अवशेष एका परदेशी कंपनीला विकले गेले, अशी आख्यायिका आहे. इ.स. २०१५ मध्ये त्यांच्या जीवनावर बेतलेला 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातील प्रसंग बहुतांशी काल्पनिक आहेत.