महेश्वरचा संसार : लोकमाता अहिल्याबाईंनी घालून दिलेले नियम

॥ श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏



या महिन्याचा आपला चिंतनाचा विषय आहे आदर्श समाज. रामराज्य हा शब्द आपण प्रवचनात नेहमी ऐकतो. पण आदर्श समाज म्हणजे नेमकं काय? तिथे सकाळ कशी सुरू होते, पैसा कुठे ठेवतात, कोण कोणाचं गाऱ्हाणं ऐकतं, सण कसे साजरे होतात? हे सगळं एका घर सांभाळणाऱ्या बाईने खरोखर करून दाखवलं, आणि तेही आपल्या माळव्यातच. म्हणून या वेळी चरित्र घेतलं आहे पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचं. रात्री जेवणं झाली की एकाने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.

🌺 *चौंडी ते इंदूर*

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ चा. गाव चौंडी, तालुका जामखेड. पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याला आज त्यांच्याच नावाने अहिल्यानगर म्हणतात. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. लेक आठ वर्षांची असताना मल्हारराव होळकरांनी तिला सून करून घेतलं, मुलगा खंडेराव यांच्यासाठी.

मल्हारराव मोठे सरदार, पण सुनेला त्यांनी फक्त माजघरात ठेवलं नाही. लिहिणं-वाचणं, हिशेब, कारभार सगळं शिकवलं. १७६५ मधल्या त्यांच्या पत्रांत सुनेला तोफा आणि दारूगोळ्याच्या व्यवस्थेबद्दल सूचना आहेत. सासऱ्याने सुनेला असं पत्र लिहावं, यावरूनच तिची पारख कळते. नाही का?

पण त्याआधी मोठा घाव बसला होता. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेरावांना तोफेचा गोळा लागला. अहिल्याबाई तेव्हा अवघ्या २८-२९ वर्षांच्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्या सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी त्यांना थांबवलं. म्हातारपणी मुलगा गेला, आता सूनही गेली तर या दौलतीकडे आणि आमच्याकडे बघणार कोण, अशी विनवणी केली. त्या थांबल्या. हा प्रसंग लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा समोर येणार आहे.

🌺 *क्षिप्रेकाठचा प्रसंग*

१७६६ मध्ये मल्हारराव गेले. गादी मुलाला, मालेरावांना मिळाली, पण वर्षभरातच तेही गेले. नवरा, सासरा, मुलगा, तिघेही गेलेले. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांना वाटलं, एखादं लहान मूल दत्तक घ्यायला लावावं, म्हणजे कारभार आपल्या हातात राहील. त्यांनी राघोबादादांना बोलावलं आणि दादा फौज घेऊन आपल्या उज्जैनपर्यंत आले.

ज्या क्षिप्रेवर आपण पर्वणीला स्नान करतो, तिच्याच काठी तेव्हा फौजा येऊन ठेपल्या. अहिल्याबाईंनी शिंदे, भोसले, गायकवाड यांना पत्रं पाठवली, पेशवे माधवरावांकडे न्याय मागितला आणि तुकोजी होळकरांना सैन्यासह पुढे केलं. असं सांगतात, की त्यांनी दादांना निरोप धाडला. बाईला हरवलंत तर त्यात कीर्ती नाही, आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असा त्याचा भावार्थ. मग दादांनी आपण तर सांत्वनाला आलो असं सांगितलं, आणि लढाई न होता प्रकरण मिटलं.

पेशव्यांनी अहिल्याबाईंचा अधिकार मान्य केला. फौज तुकोजींकडे, कारभार बाईंकडे अशी वाटणी ठरली. तुकोजी वयाने मोठे, तरी त्यांना आई म्हणत. त्यानंतर अहिल्याबाईंनी आपलं राहणं इंदूरहून नर्मदाकाठी महेश्वरला नेलं आणि तिथे जवळजवळ २८ वर्षं राज्य केलं.

🌺 *पहिला नियम स्वतःसाठी*

त्यांचा दिनक्रम सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने, त्यांना पाहिलेल्या माणसांना विचारून, लिहून ठेवला आहे. सूर्योदयाच्या तासभर आधी उठायचं. स्नान, पूजा, पुराणश्रवण. मग दानधर्म आणि अन्नदान. त्यानंतर स्वतःचं साधं शाकाहारी जेवण, थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो संध्याकाळी सहापर्यंत. पुन्हा पूजा, हलका आहार. आणि रात्री नऊ ते अकरा परत कारभाराचं काम. सण आणि उपवास सोडले तर हा क्रम चुकत नसे.

पांढरं साधं लुगडं, अंगावर दागिना म्हणावा तर गळ्यात एक छोटीशी माळ. दरबारात त्या पडद्याआड बसत नसत. गाऱ्हाणं घेऊन आलेला माणूस थेट समोर उभा राहू शकत असे. छोट्या तंट्यांत त्या पंचायत नेमून देत, पण पंचांचा निकाल पटला नाही तर शेवटचा दरवाजा त्यांचा स्वतःचा होता.

🌺 *दोन पेट्या वेगळ्या*

दुसरा नियम पैशाचा. होळकरांच्या घरात खासगी नावाची स्त्रियांची स्वतंत्र मिळकत असे. अहिल्याबाईंनी आपल्या संपत्तीवर तुळशीपत्र ठेवलं, म्हणजे ती देवाला अर्पण केली. राज्याचा महसूल राज्यासाठी आणि धर्मकार्य या खासगीतून. काशी विश्वनाथाचं मंदिर १७८० मध्ये पुन्हा उभं राहिलं, सोमनाथला १७८३ मध्ये नवं मंदिर झालं, गयेचं विष्णुपद मंदिर १७८७ मध्ये बांधून झालं. आपल्या चिंतामण गणपतीलाही त्यांचा हात लागलेला आहे. शिवाय ठिकठिकाणी घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं. यातलं बरंचसं त्यांच्या राज्याच्या हद्दीबाहेर होतं, तिथून एक पैसा परत येणार नव्हता. म्हणूनच हा खर्च रयतेच्या माथी मारायचा नाही, हा विवेक महत्त्वाचा.

हुकमांवर त्या स्वतःचं नाव घालत नसत, श्रीशंकराचं घालत. राज्य त्याचं, आपण राखणदार. नाण्यांवरही शिवलिंग आणि बेलपान.

🌺 *विधवेचा हक्क*

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. त्या काळी निपुत्रिक माणूस वारला की त्याच्या संपत्तीवर सरकारची नजर जायची. दत्तक घ्यायचा तरी सरकारला मोठा नजराणा द्यावा लागे. अहिल्याबाईंच्या राज्यात विधवेला नवऱ्याची मालमत्ता मिळे, दत्तकही घेता येई.

इंदूरजवळ एकदा तुकोजींचा तळ होता. देवीचंद नावाचा श्रीमंत सावकार निपुत्रिक वारला. काही लोकांनी कान भरले आणि तुकोजींनी त्याच्या संपत्तीत वाटा मागितला. सावकाराची बायको तडक महेश्वरला गेली. बाईंनी तिचं ऐकून घेतलं, मानाची वस्त्रं देऊन तीच वारस असल्याचं मान्य केलं आणि तुकोजींना कळवलं, की तळ इंदूरपासून दूर हलवा, माझ्या शहराला असा त्रास देऊ नका. तुकोजींनी मुकाट्याने ऐकलं. विचार करा, राज्याची सगळी फौज ज्याच्या हातात, त्याला एका एकट्या विधवेसाठी मागे सरायला लावलं.

🌺 *जंगलातली माणसं आणि रानातली पाखरं*

सातपुडा-विंध्याच्या घाटांत भिल्ल वाटसरूंना लुटत. आधी बंदोबस्त झाला, पण नुसत्या शिक्षेवर त्या थांबल्या नाहीत. डोंगरातून जाणाऱ्या मालावर एक लहानसा कर घ्यायचा भिल्लांचा जुना हक्क होता, भिलकवडी. तो त्यांनी मान्य केला. बदल्यात अट घातली, की आपल्या हद्दीत चोरी झाली तर माल शोधून द्यायचा. शिवाय कसायला जमीन दिली. लुटणारेच रस्त्याचे राखणदार झाले.

माहेरचं गाव सोडून येणाऱ्या मुलीसारखे विणकर बाहेरून आणले आणि महेश्वरात वसवले. त्यातून महेश्वरी साडी आली. किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवरची नक्षी तिच्या काठावर उतरली. आज आपण लग्नकार्यात ती हौसेने नेसतो. कर बेताचे ठेवले, गावच्या वतनदारांचे हक्क सांभाळले. कामाचा माणूस वारंवार बदलायचा नाही, हाही नियम. इंदूरचे कमाविसदार खंडेराव वीस वर्षांहून जास्त काळ त्याच जागी होते. साध्या खेड्यासारखं असलेलं इंदूर याच काळात भरभराटीला आलं.

आणि त्यांचे रीतिरिवाज पाहा. उन्हाळ्यात रस्त्यावर वाटसरूंना पाणी, थंडीत गरिबांना कपडे, ठरावीक सणांना अगदी खालच्या मानल्या गेलेल्या लोकांनाही जेवण. नांगराला जुंपलेल्या बैलांना शेतात जाऊन पाणी पाजायला माणसं नेमलेली. पाखरांना शेतकरी हाकलतात म्हणून महेश्वरजवळची उभी पिकं विकत घेऊन पाखरांसाठी सोडलेली. नर्मदेतल्या माशांनाही खाऊ. रोज काळ्या मातीची छोटी पार्थिव शिवलिंगं करून पूजायची आणि नर्मदेत सोडायची, हा लिंगार्चनाचा नेम महेश्वरात आजही चालू आहे.

एकाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून आणला. त्यांनी शांतपणे ऐकला आणि नर्मदेत टाकायला लावला.

🌺 *जिथे नियम पोहोचला नाही*

एवढं सगळं केलेल्या या माउलीच्या स्वतःच्या घरात काय झालं, तेही वाचायला हवं. लेक मुक्ताबाई, जावई यशवंतराव फणसे. त्यांचा एकुलता मुलगा गेला. पाठोपाठ १७९१ मध्ये यशवंतरावही गेले. मुक्ताबाईंनी सती जायचं ठरवलं.

अहिल्याबाईंनी लेकीच्या पाया पडून विनवणी केली. मल्हाररावांनी सुनेला घातलेली तीच गळ आता आईने लेकीला घातली. पण मुक्ता ऐकेना. तुझं वय झालंय आई, तू गेल्यावर मी कोणाच्या आधाराने जगू, असंच काहीसं तिचं म्हणणं होतं. आई चितेपर्यंत चालत गेली. दोघांनी तिचे हात धरून ठेवले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा तिने किंकाळी फोडली, आणि सोडवता न येणारे स्वतःचेच हात दातांनी चावले. मग तीन दिवस अन्न नाही, शब्द नाही. नंतर लेक-जावयाचं स्मारक बांधलं आणि पुन्हा दरबारात येऊन बसल्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, सत्तरीत, महेश्वरला त्यांनी देह ठेवला.

तुकोजींना थांबवणारी, राघोबादादांना परत पाठवणारी ही राणी एका रूढीपुढे हतबल झाली. दुसऱ्याच्या विधवेला तिने हक्क दिला, पण स्वतःच्या विधवा लेकीला जगावंसं वाटेल असं वातावरण भोवतीच्या समाजात नव्हतं. सतीबंदीचा कायदा इंग्रजांच्या मुलखात आला तो १८२९ मध्ये, म्हणजे आणखी ३८ वर्षांनी. कायदा एकटा करू शकतो, रूढी मात्र घराघरांतून बदलावी लागते.

🌺 *आपल्या घरापुरतं*

मैत्रिणींनो, हे मुद्दाम आपल्यासाठी. सती संपली, पण चैत्रगौरीच्या किंवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण कोणाला बोलावत नाही? जाऊबाई, काकू, शेजारच्या वहिनी, ज्यांचे यजमान गेले त्या. अहिल्याबाईंनी विधवा म्हणूनच संपूर्ण राज्य केलं. आज त्या आल्या असत्या तर आपण त्यांना कुंकू लावायला कचरलो असतो का? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद केल्या. एक छोटं गाव करू शकतं, तर आपले कुटुंब-गटही करू शकतात. गुरुमाउली नेहमी सांगतात तेच, विधी माणसाला जवळ आणण्यासाठी असतो.

*या महिन्याचे संकल्प* 🙏

१. घरखर्च आणि सेवेचा पैसा वेगवेगळ्या डब्यांत ठेवूया. थोडा असला तरी चालेल, पण हिशेब घरातल्या सगळ्यांना माहीत असावा.

२. गच्चीत किंवा अंगणात पाखरांसाठी पाणी आणि मूठभर दाणे. हे काम मुलांकडे द्यावं.

३. आठवड्यातून एकदा घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून एकमेकांचं गाऱ्हाणं ऐकायचं. सुनेचं, लेकाचं, आजीचंही. मधे बोलायचं नाही.

४. येणाऱ्या हळदीकुंकवाला सगळ्या बायकांना आमंत्रण. सगळ्यांना कुंकू, सगळ्यांना वाण, सगळ्यांची ओटी. आधी घरातल्या ज्येष्ठांशी प्रेमाने बोलून घ्या, वाद घालू नका. मल्हाररावांनीही विनवणीच केली होती.

महेश्वरला जायचा योग आला तर घाटावर घटकाभर शांत बसा आणि त्या माउलीचं स्मरण करा.

श्री गुरुचरणी सर्वांना साष्टांग नमस्कार. 🌺