धरणाचं तीनदा बारसं

काँक्रीट टेक्नॉलॉजीच्या तासाला सर मास काँक्रीट शिकवत होते. सिमेंटमध्ये पाणी पडलं की उष्णता सुटते, ओतकाम जितकं जाड तितकी ती आत कोंडून राहते, आणि मग तडे जातात. उदाहरण ठरलेलं, हूव्हर धरणाचं. तिथे काँक्रीट एकदम न ओतता ठोकळ्याठोकळ्यांनी ओतलं आणि आत एक इंची पाइप टाकून त्यातून गार पाणी फिरवलं. नाहीतर २२१ मीटर उंचीचं ते धूड थंड व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागली असती म्हणे! मागच्या बाकावरून एकाने विचारलं, की हा हूव्हर म्हणजे व्हॅक्यूम क्लीनरवालाच का. वर्ग हसला. सरांनी एवढंच सांगितलं की तो अमेरिकेचा एक अध्यक्ष होता, फारसं नाव न मिळवलेला, आणि फळा पुसला.

विषय तिथेच संपला असता. पण सबमिशनसाठी लायब्ररीत शोधाशोध करताना एक गंमत लक्षात आली. काही जुन्या पुस्तकांत याच धरणाला बोल्डर धरण म्हटलंय. आधी वाटलं धरणं दोन आहेत. मग कळलं की धरण एकच, बारसं तीनदा झालेलं. १९३० साली हूव्हर, १९३३ साली बोल्डर, १९४७ साली पुन्हा हूव्हर. नदी तीच, भिंत तीच, मग नाव का बदलत होतं? हे शोधायला गेलो आणि सबमिशन राहिलं बाजूला, या माणसाच्या चरित्रातच अडकलो. त्यात हा निघाला आपल्यातलाच, इंजिनिअर! म्हणून त्याच्याबद्दल एकेरीत लिहितोय. वडीलधाऱ्यांनी राग मानू नये.

हर्बर्ट हूव्हरचा जन्म १० ऑगस्ट १८७४ चा, आयोवा राज्यातल्या वेस्ट ब्रँच या खेड्यातला. वडील लोहार, घर दोन खोल्यांचं. घराणं क्वेकर पंथाचं, म्हणजे साधं राहायचं, कमी बोलायचं आणि आपल्या माणसांना आपणच सांभाळायचं. तो सहा वर्षांचा असताना वडील गेले, नऊ वर्षांचा असताना आई. तीन भावंडं नातेवाइकांत वाटली गेली आणि हा अकराव्या वर्षी ऑरेगॉनमध्ये मामाकडे जाऊन पडला. पुढे मामाच्याच जमिनीच्या कंपनीत ऑफिसबॉय झाला.

१८९१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठ सुरू झालं. त्याच्या पहिल्याच बॅचला हूव्हर. फी नव्हती, पण राहण्याखाण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा. मग हा पोरांचे कपडे गोळा करून लाँड्रीत पोचवायचा, पेपर टाकायचा. विद्यार्थी संघटनेचा खजिनदारही झाला. शिकला भूगर्भशास्त्र. आणि ऐका, इंग्रजी हा त्याचा विषय शेवटच्या वर्षापर्यंत सुटत नव्हता. आपल्या भाषेत सांगायचं तर के.टी. अंगावर घेऊन पठ्ठ्या चार वर्षं फिरत होता!

१८९५ ला डिग्री हातात आली तेव्हा बाजारात मंदी होती. कॅलिफोर्नियातल्या नेवाडा सिटीच्या सोन्याच्या खाणीत त्याने रोजंदारीवर ढकलगाड्या ओढल्या. (प्लेसमेंट न झालेल्यांनी नोंद घ्यावी.) पण दोनच वर्षांत एका ब्रिटिश कंपनीने त्याला पश्चिम ऑस्ट्रेलियात पाठवलं. मग चीन. १९०० साली बॉक्सर बंडात तिएन्त्सिन शहराला वेढा पडला तेव्हा तो आणि त्याची बायको लू (तीही स्टॅनफर्डची भूगर्भशास्त्राचीच पदवीधर) आत अडकले होते. धान्याची आणि साखरेची पोती रचून त्याने रस्त्यांवर अडसर उभे केले. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. तिथल्या बॉडविनच्या चांदी-शिशाच्या खाणीत त्याने पैसा घातला आणि तिनेच त्याला सर्वांत जास्त मिळवून दिलं. चाळिशीला आला तेव्हा हा अनाथ पोरगा कोट्यधीश होता.

इथवरची गोष्ट यशस्वी माजी विद्यार्थ्याची. अशा गोष्टी आपण गॅदरिंगला दरवर्षी ऐकतो. खरी गोष्ट ऑगस्ट १९१४ पासून सुरू होते. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा तो लंडनमध्ये होता. बेल्जियम जर्मनीच्या ताब्यात गेला. हा देश बरंचसं धान्य बाहेरून आणणारा, आणि ब्रिटिश आरमाराने तर समुद्रच अडवलेला. म्हणजे सगळा देश उपाशी मरणार. हूव्हरने दोन्ही बाजूंशी घासाघीस करून मधून धान्याची जहाजं नेली, आणि बेल्जियम व उत्तर फ्रान्समधल्या ९० लाखांवर लोकांना युद्ध संपेपर्यंत जगवलं. पगार घेतला नाही. त्याच्याबरोबर काम केलेल्यांनी लिहून ठेवलंय की सूपसाठी रांगेत उभी असलेली पोरं त्याला बघवत नसत, म्हणून तो तिकडे जायचंच टाळी. ऑफिसात बसून टन आणि आकडे यांचाच हिशेब करी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९१७ साली अमेरिका युद्धात उतरली आणि अन्नखातं त्याच्याकडे आलं. सक्तीचं रेशनिंग न करता त्याने लोकांना आठवड्यातून काही दिवस गहू आणि मांस सोडायला लावलं. घरोघरी काटकसरीला हूव्हराइज करणं असा शब्दच पडला, तोही कौतुकाने. युद्धानंतर १९२१ ला रशियात दुष्काळ पडला. बोल्शेविकांशी याचं वैर असूनही त्याच्या संस्थेने तिथे ऐन वेळी रोज १ कोटीच्या आसपास लोकांना जेवू घातलं. १९२० मध्येच दोन्ही पक्षांना तो आपला उमेदवार हवा होता. त्याने अध्यक्ष व्हावं असं तेव्हा ज्यांना वाटत होतं त्यात एक फ्रँकलिन रूझवेल्टही होता, हे वाचून मला हसूच आलं. का, ते पुढे कळेल.

१९२१ ते २८ तो व्यापारमंत्री होता. कोलोरॅडो नदीच्या पाण्यावरून भांडणाऱ्या सात राज्यांना १९२२ ला त्याने एका टेबलावर बसवलं. धरणाचं मूळ तिथे आहे. १९२७ ला मिसिसिपीला महापूर आला तेव्हा मदतीला पुन्हा हाच. त्या छावण्यांत काळ्या लोकांचे जे हाल झाले ते मात्र त्याच्या काळात दाबून ठेवले गेले. तेव्हा कुणाला त्याची पडलेली नव्हती. १९२८ च्या निवडणुकीत ४८ पैकी ४० राज्यं त्याच्या बाजूने गेली. प्रचारात त्याने गरिबी कायमची संपत आल्याचं सांगितलं होतं, आणि लोकांनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? सगळं अडलेलं सोडवणारा इंजिनिअर!

मार्च १९२९ ला तो अध्यक्ष झाला आणि ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला.

त्यानंतरची तीन वर्षं वाचताना मला आमच्या मेसची आठवण येत होती. आमच्या आधीच्या सेक्रेटरीला पहिल्या सेमिस्टरला सगळे डोक्यावर घेऊन नाचत होते. मेस बिल कमी, रविवारी फीस्ट. दुसऱ्या सेमिस्टरला कांदा आणि तूरडाळ भडकली, वरण पातळ झालं, आणि नोटीस बोर्डावर त्याला एक नवीन नाव पडलं. ते नाव कुणी लिहिलं होतं हे आता सांगायला हरकत नाही. मीच. तो पोरगा तोच होता, हिशेब तितकेच चोख होते. भाव काही त्याने वाढवले नव्हते.

हूव्हरचं तेच झालं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. बँका बुडत गेल्या, १९३३ उजाडेपर्यंत दर चार कामगारांत एक बेकार झाला. पत्र्याच्या आणि खोक्यांच्या झोपडपट्ट्यांना लोक हूव्हरव्हिल म्हणू लागले. अंगावर पांघरायचं वर्तमानपत्र म्हणजे हूव्हरचं ब्लँकेट, उलटा काढलेला रिकामा खिसा म्हणजे हूव्हरचा झेंडा. ज्या नावाचं १९१७ ला कौतुकाचं क्रियापद झालं होतं त्याच नावाची आता शिवी झाली.

आणि हे एकट्या अमेरिकेत नव्हतं. ब्रिटनमध्ये १९३१ ला मजूर पक्षाचं सरकार पडलं, त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातही मजूर सरकार हरलं. कॅनडात १९३० ला बेनेट निवडून आला, तर पेट्रोल परवडेना म्हणून घोडा जुंपलेल्या मोटारींना लोकांनी त्याचंच नाव दिलं, आणि १९३५ ला त्यालाही घरी बसवलं. डावे काय, उजवे काय, मंदीत जो खुर्चीवर सापडला तो गेला. मतदार कारणं तपासत नव्हते, खिसा तपासत होते.

पण म्हणून हूव्हर बिचारा निर्दोष होता असं मी म्हणणार नाही. १९३० ला आयात मालावरची जकात वाढवणारा कायदा आला. हजारावर अर्थतज्ज्ञांनी सही करू नका म्हणून विनवलं, त्याने सही केली, आणि जगाचा व्यापार आणखी आटला. त्याच वर्षी दुष्काळ पडला. सरकारने शेतकऱ्यांना जनावरांच्या चाऱ्यासाठी आणि बियाण्यासाठी कर्ज द्यावं हे त्याला मान्य होतं, पण माणसांना थेट अन्न द्यायला तो तयार होईना. बेल्जियमला जेवू घालणारा माणूस! शेजाऱ्यांनी आणि संस्थांनी मदत करावी, सरकारी अन्नाची सवय लागली तर माणूस पांगळा होतो, हे त्याचं क्वेकर गावातलं गणित. गाव दोन-चारशे घरांचं असेल तर ते सुटतंही, कोट्यवधी बेकारांना नाही. तसा तो हातावर हात ठेवून बसला नव्हता. धरणाचं काम १९३१ ला सुरू झालं, १९३२ ला बँका-रेल्वे वाचवायला मोठी सरकारी संस्था काढली, स्वतःचा पगारही वाटून टाकला. पण हे त्याने लोकांत जाऊन कधी सांगितलंच नाही. रांग बघवत नाही म्हणून ऑफिसात बसून आकडे मांडायची सवय १९१४ मध्ये निष्ठा वाटली होती, १९३१ मध्ये तीच निर्दयपणा वाटली. आमचा सेक्रेटरीही तेव्हा रूमचं दार लावून रजिस्टर तपासत बसायचा. एकदा मेसमध्ये येऊन ताट घेऊन आमच्यात बसला असता तर, असं आता वाटतं.

जुलै १९३२ मध्ये शेवटचा घाव बसला. पहिल्या महायुद्धातले माजी सैनिक, १९४५ ला मिळायचा बोनस आत्ताच द्या म्हणून वॉशिंग्टनला येऊन राहिले होते. लष्कर बोलावलं गेलं. जनरल मॅकआर्थर हुकमाच्या पुढे गेला, अश्रुधूर सोडला, झोपड्या पेटल्या. दोष अध्यक्षावर आला आणि त्याने तो मुकाट्याने घेतला. नोव्हेंबरात ४८ पैकी फक्त ६ राज्यं त्याच्याकडे राहिली. जिंकला तो फ्रँकलिन रूझवेल्ट!

लगेच १९३३ ला नव्या गृहमंत्र्याने, इक्सने, धरणावरून त्याचं नाव काढलं. १९३५ ला रूझवेल्टने उद्घाटन केलं तेव्हा भाषणात हूव्हरचा उल्लेखही नव्हता.

पुढची बारा वर्षं त्याला सरकारात कुणी विचारलं नाही. मग पुन्हा युद्ध, आणि युद्धामागून पुन्हा भूक. १९४५ ला रूझवेल्ट वारला, ट्रूमन आला. तो विरोधी पक्षाचा, पण त्याने हूव्हरला बोलावून घेतलं. १९४६ मध्ये ७१ वर्षांचा हूव्हर विमानाने ३८ देश फिरला, कुठे किती धान्य आहे आणि किती लागेल याचा हिशेब करत. एप्रिलमध्ये तो भारतातही आला होता. बंगालचा दुष्काळ होऊन तीनच वर्षं झाली होती आणि पुन्हा टंचाई होती. तो गांधीजींनाही भेटला. काम तेच, पद्धत तीच, टन आणि आकडे. पण जग पुन्हा उपाशी होतं, आणि आकडे मांडणारा माणूस पुन्हा हवासा झाला होता. एप्रिल १९४७ मध्ये अमेरिकन काँग्रेसने धरणाला त्याचं नाव परत दिलं.

तो २० ऑक्टोबर १९६४ ला वारला, नव्वद वर्षांचा होऊन. वेस्ट ब्रँचलाच पुरलाय. शेजारी लू. थडग्यावर पांढरा साधा दगड आहे, वर फक्त नाव आणि दोन सालं. अध्यक्ष होता हेही लिहिलेलं नाही. समोर उतारावर ते लोहाराचं दोन खोल्यांचं घर दिसतं.