केडगावच्या मायलेकी

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातील दोन शेजारचे तालुके. उत्तरेस कवठे येमाईसारखी शिरूरची गावे, दक्षिणेस दौंडची गावे आणि मधून भीमा वाहते. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस येथवर येईतो थकून जातो. म्हणून हा मुलूख अवर्षणाचा. याच मुलखात, पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, केडगाव नावाचे स्थानक आहे. १८९५ च्या सुमारास त्या स्थानकाजवळची सुमारे शंभर एकर जमीन एका विदुषीने विकत घेतली आणि तेथे विहिरी खणून फळझाडे लावली. त्या विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई. संस्कृतात पारंगत असलेल्या या बाईंना बागाईत करण्याची गरज का पडली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी स्त्रियांना संस्कृत शिकवू नये हा रूढ समज झुगारून आपल्या पत्नीस व मुलीस ती भाषा शिकविली. घर असे या कुटुंबाला फारसे लाभलेच नाही. तीर्थाटन करावे, पुराणे सांगावीत आणि मिळेल त्यावर निर्वाह करावा, असे त्यांचे जीवन होते. दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा आईवडील अन्नावाचून गेले. पुढे रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी या तरुणीची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. परंतु हा आनंद टिकला नाही. १८८० साली बंधू वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी रमाबाईंचा विवाह झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत तेही पटकीने गेले. रमाबाईंच्या वयाची चोवीस वर्षेही तेव्हा पुरी झाली नव्हती. जवळ उरली ती दहा महिन्यांची मुलगी, मनोरमा.

रमाबाई तिला घेऊन पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. स्त्रियांना वैद्यकीची फार गरज आहे हे ओळखून, ते शिक्षण घेण्यासाठी १८८३ साली त्या मुलीसह इंग्लंडला गेल्या. कानांनी दगा दिल्याने डॉक्टर होण्याचा बेत सोडावा लागला. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या आणि त्याच वर्षी मायलेकींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. या धर्मांतराने महाराष्ट्रातील त्यांचे अनेक चाहते दुखावले. पण गंमत अशी की, इंग्लंडातील आश्रयदात्यांशीही रमाबाईंचे सदैव पटत होते असे नाही. त्या चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात शिकत व शिकवीत असता मनोरमा बराच काळ वाँटेजला भगिनींजवळ असे. मुलीने काय खावे, तिला धर्म कसा शिकवावा, यांवरून पत्रापत्री होई. रमाबाई स्वतः शाकाहारी राहिल्या, आणि मुलीच्या बाबतीत शेवटचा शब्द आईचा, हा हक्क त्यांनी सोडला नाही. मुलगी परक्या देशात वाढून आपल्याच माणसांत परकी ठरू नये, ही त्यांची चिंता होती.

१८८६ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई मनोरमेला घेऊन अमेरिकेस गेल्या. त्या काही आठवडे राहणार होत्या. राहिल्या जवळजवळ तीन वर्षे. आपल्या देशातील बालविधवांसाठी शाळा काढावयाची, तर पैसा हवा. त्यासाठी त्यांनी गावोगाव व्याख्याने दिली, इंग्रजीत पुस्तक लिहिले, लहान मुलांना शिकविण्याची किंडरगार्टनची पद्धत अभ्यासली. या धावपळीत पाच वर्षांच्या मुलीचे काय करावे? अखेर त्यांनी तिला इंग्लंडला भगिनींकडे परत पाठविले.

बालमित्रांनो, त्या काळी परदेशांतून हिंदुस्थानात आलेल्या मिशनऱ्यांच्या घरी असे वियोग नेहमीचेच होते. मूल सहासात वर्षांचे झाले की त्याला शिक्षणासाठी व प्रकृतीसाठी मायदेशी धाडीत. आई एका खंडात आणि मूल दुसऱ्या खंडात. पत्र पोहोचावयास आठवडेच्या आठवडे लागत. कित्येक मुलांना आईबापांची ओळख पत्रांतूनच होई. रमाबाईंच्या घरी हे उलटे घडले. आई हिंदुस्थानची, काम हिंदुस्थानचे आणि मूल मात्र परदेशात! दुसऱ्यांच्या मुलींना आसरा मिळावा म्हणून स्वतःच्या मुलीला दूर ठेवणे योग्य होते काय? या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही, आणि रमाबाईंनाही ते सोपे वाटले नसावे.

बॉस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्य देण्याचे कबूल केले. १८८९ च्या फेब्रुवारीत रमाबाई मुंबईस परतल्या आणि ११ मार्च रोजी त्यांनी शारदा सदन उघडले. तेथे आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. मनोरमाही इंग्लंडहून आली आणि आईजवळ, सदनातील मुलींच्या बरोबरीने वाढू लागली. पुढे सदन पुण्यास हलले. परंतु तेथे मुलींना ख्रिस्ती करतात, असा गवगवा होऊन १८९३ साली अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. शिवाय अमेरिकेतील साहाय्याची मुदतही संपत येणार होती. तेव्हा फळबागेच्या उत्पन्नावर संस्था चालवावी, असा रमाबाईंनी विचार केला. केडगावची जमीन घेतली ती यासाठी.

पण झाडांना फळे धरण्याच्या आधीच दुष्काळ आला. १८९६-९७ साली मध्य प्रांतात अन्नान्नदशा झाली. भूक म्हणजे काय, हे रमाबाईंना कोणी सांगावयास नको होते. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ असल्याने या सर्वांना केडगावच्या उघड्या माळावर छपरे घालून ठेवावे लागले. त्यातूनच मुक्ती सदन उभे राहिले. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडल्यावर तर राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, गाईम्हशी, विणकाम, तेलघाणा, छापखाना अशी कामे बायकाच करू लागल्या. परदेशांतील काही स्त्रिया आपली घरेदारे सोडून मदतीला आल्या. त्यांपैकी मिनी अब्राम्स या अमेरिकन बाई १९१२ साली वारल्या, त्याही याच देशात.

या धामधुमीच्या वर्षांत मनोरमा पुन्हा आईपासून दूर, इंग्लंडात व अमेरिकेत शिकत होती. १९०० साली ती परतली ती मात्र कामाला लागण्यासाठीच. अंधांना बोटांनी वाचता येईल अशी ब्रेल लिपी ती शिकून आली होती. तिने ती मुक्ती सदनातील अंध स्त्रियांना शिकविली. शारदा सदनाची शाळा तिने सांभाळली. स्वतःचे शिक्षण मात्र मागे राहिले होते. मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी तिने १९१७ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मिळविली. आपल्यानंतर संस्था मनोरमा चालवील, असे रमाबाईंनी धरूनच ठेवले होते. म्हणून त्या स्वतः एका दुसऱ्या कामात गढून गेल्या. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी मूळ बायबलचे भाषांतर साध्या मराठीत, खेड्यातील बायकांना कळेल असे, चालविले होते.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. वय अवघे चाळीस. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या आणि कानांनी फारच कमी ऐकू येत असे. त्यांनी संस्थेचा कारभार पुन्हा हाती घेतला आणि भाषांतराच्या छापील मजकुराची तपासणीही सोडली नाही. नऊ महिनेही लोटले नाहीत तोच, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांनी देह ठेवला. ते भाषांतर दोन वर्षांनी केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविणारे आणि कागद छापणारे हात संस्थेतील स्त्रियांचेच होते.