शास्त्रज्ञ कमला सोहोनी

इंदूर, ग्वाल्हेर, सागर, जबलपूर या मध्य भारतातील शहरांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. घरात पैसा फारसा नसला तरी विद्येची आवड जपणारी अनेक घराणी त्यांत होती. अशाच एका भागवत घराण्यात १९११ साली इंदूर येथे कमलाबाईंचा जन्म झाला. त्यांचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अगदी आरंभीच्या काळात त्यांचे शिक्षण झाले होते. कमलाबाईंची थोरली बहीण म्हणजे पुढे थोर लेखिका म्हणून मान्यता पावलेल्या दुर्गा भागवत. एका बहिणीने साहित्याची वाट धरली, दुसरीने विज्ञानाची.

वडिलांच्या आणि काकांच्या संस्थेत आपणही संशोधन करावे, ही कमलाबाईंची लहानपणापासूनची इच्छा होती. १९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत गुणवत्ता यादीत प्रथम आल्या. रसायनशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय होता. साहजिकच त्यांनी बंगळूरला प्रवेशासाठी अर्ज केला. परंतु तो नाकारण्यात आला. संस्थेचे संचालक त्या वेळी नोबेल पारितोषिक विजेते डॉ. सी. व्ही. रामन हे होते. स्त्रियांना संशोधनासाठी प्रवेश देण्यास त्यांची तयारी नव्हती. कमलाबाईंचे गुण कमी नव्हते. त्या स्त्री होत्या, एवढेच कारण पुरेसे ठरले होते.

कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. तो काळ गांधीजींच्या चळवळीचा होता. त्यांनीही सत्याग्रहाचाच मार्ग स्वीकारला. त्या स्वतः संचालकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण मागितले. अखेर त्यांना प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागणार होते. संचालकांचे समाधान झाल्यावरच त्यांच्या कामाला मान्यता मिळणार होती. शिवाय त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतील पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशीही अट होती. या शेवटच्या अटीचा अपमान त्यांच्या मनात आयुष्यभर राहिला. तरीही त्यांनी सर्व अटी मान्य केल्या, कारण प्रयोगशाळेत पाऊल टाकल्याशिवाय आपली योग्यता सिद्ध करता येणार नाही, हे त्या जाणून होत्या.

मार्गदर्शक श्रीनिवासय्या शिस्तीचे कठोर, पण विद्यार्थ्याची तळमळ ओळखणारे होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षभरातच त्यांच्या कामाने डॉ. रामन यांचे मतपरिवर्तन झाले. कमलाबाईंना नियमित संशोधनाची परवानगी मिळाली आणि संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. १९३६ साली त्यांनी एम.एस्सी. ही पदवी विशेष प्रावीण्यासह मिळवली.

त्यानंतर शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथे त्यांनी वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास सुरू केला. सजीवांच्या पेशी श्वसनातून ऊर्जा मिळवतात. या क्रियेत सायटोक्रोम-सी नावाचे लोहयुक्त प्रथिन महत्त्वाचे काम करते. बटाट्यावर प्रयोग करीत असताना कमलाबाईंना हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असल्याचे आढळले. या संशोधनावर त्यांनी लिहिलेला प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञान विषयात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते.

आपल्या ज्ञानाचा उपयोग मायदेशाला व्हावा, म्हणून त्या त्याच वर्षी भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग सुरू झाला होता. त्याच्या त्या प्रमुख झाल्या. तेथून त्या निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथे पोषणविषयक संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून गेल्या. जीवनसत्त्वांवर त्यांनी तेथे महत्त्वाचे काम केले. मात्र त्या संस्थेत पुढील बढतीचा मार्ग त्यांना स्पष्ट दिसेना. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह करून त्या मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

मुंबईतील त्यांच्या संशोधनाचे विषय लक्षात घेण्याजोगे आहेत. गरीब माणसाच्या ताटात जे पडते, तेच त्यांनी प्रयोगशाळेत आणले. कडधान्ये हा आपल्याकडे प्रथिनांचा स्वस्त स्रोत. पण कच्च्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे घटक असतात आणि उष्णतेने त्यांचा प्रभाव बराच कमी होतो. अशा घटकांचा कमलाबाईंनी आपल्या विद्यार्थ्यांसह अभ्यास केला. आपल्या घरांत डाळी-उसळी नीट शिजवून खाण्याची रीत पूर्वापार आहे. त्या रीतीमागील शास्त्र अशा अभ्यासातून स्पष्ट होते.

त्यांचे दुसरे मोठे काम नीरेवरील. ताडासारख्या झाडांचा हा गोड रस पहाटे उतरवतात. ऊन चढू लागले की तो आंबतो आणि त्याची ताडी होते. नीरेवर संशोधन करण्याची सूचना राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी केली होती. कमलाबाईंनी दाखवून दिले की ताज्या नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह पुरेशा प्रमाणात असतात आणि नीरेचा गूळ केल्यावरही त्यांचा बराच अंश टिकतो. आदिवासी भागातील कुपोषित मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना आहारात नीरा दिल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसली. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या आरे दुग्धप्रकल्पालाही दुधाचा दर्जा सुधारण्यासाठी त्यांचे मार्गदर्शन लाभले.

एवढे सारे करूनही विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांच्या वाट्याला सहजासहजी आले नाही. अधिकार असूनही सुमारे चार वर्षे त्यांना त्या पदापासून दूर ठेवण्यात आले. तरुणपणी प्रवेशासाठी जो झगडा करावा लागला, तो प्रौढ वयात पदासाठी करावा लागला. पण या काळात त्यांचे अध्यापन आणि संशोधन थांबले नाही. अखेर त्या संचालक झाल्या.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी मिळून ग्राहकांच्या हितासाठी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ही संस्था स्थापन केली होती. तिच्या कार्यात कमलाबाईंचा मोठा वाटा होता. पुढे त्या संस्थेच्या अध्यक्षही झाल्या. अन्नातील भेसळ गृहिणींना घरच्या घरी ओळखता यावी, यासाठी त्यांनी सोप्या चाचण्या तयार केल्या. आहारशास्त्रावर त्यांनी मराठीतूनही लेखन केले.

या कार्याची राष्ट्रीय पातळीवर पुरेशी दखल घेण्यास मात्र फार उशीर झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार केला, तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळाने, १९९८ साली, त्यांचे निधन झाले.

आज भारतातील संशोधन संस्थांत, औषधांच्या आणि अन्नपदार्थांच्या कारखान्यांतील प्रयोगशाळांत अनेक स्त्रिया काम करतात. प्रवेश मिळवण्यासाठी त्यांना संचालकांच्या दारात सत्याग्रह करावा लागत नाही. तरीही स्त्रीची योग्यता मान्य करताना अधिक पुरावा मागण्याची आणि तिला बढतीसाठी ताटकळत ठेवण्याची वृत्ती समाजातून पुरती गेलेली नाही. कमलाबाईंनी हा पुरावा वारंवार दिला. तो त्यांना वारंवार द्यावा लागला, याचाही विचार त्यांचे चरित्र वाचताना केला पाहिजे.