फादर थॉमस स्टीफन्स : आपल्या बोलीत शास्त्र सांगणारा धर्मगुरू



मागच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना सहज विचारले की, योसेफाला त्याच्या भावांनी खड्ड्यात का टाकले? वर्ग शांत झाला. एका मुलाने धीर करून विचारले की, फादर, हा योसेफ म्हणजे पवित्र मरियेचा पती ना? मला हसू आले, पण वाईटही वाटले. दोष मुलाचा नव्हता. याकोबाच्या मुलाची, त्या रंगीत अंगरख्याच्या योसेफाची गोष्ट त्याला घरी कोणी सांगितलीच नव्हती. आणि प्रवचनात तरी मी ती कितीदा सांगितली? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेला मी, गोष्ट दोन वाक्यांत संपवतो आणि तात्पर्यावर दहा मिनिटे बोलतो. त्या दिवशी मला फादर स्टीफन्स यांची आठवण झाली.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. तो काळ इंग्लंडच्या कॅथलिकांसाठी छळाचा होता. थॉमस पाउंड नावाच्या मित्रासोबत रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करायचा, असे त्यांनी ठरवले होते. पण निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांचे जहाज लिस्बनहून निघाले व २४ ऑक्टोबरला गोव्याला लागले. पुढे मृत्यूपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, त्यांनी याच भूमीत सेवा केली.

त्यांचे बहुतेक कार्य सासष्टी भागात झाले. तिथले वातावरण सोपे नव्हते. पोर्तुगीज सत्तेने गावोगावची देवळे पाडली होती. लोकांच्या मनात दुःख आणि राग साचला होता. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ अक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. १८९३ मध्ये ख्रिस्तसभेने त्या पाचही जणांना धन्यवादित घोषित केले. आपल्या या बांधवांचे मृतदेह मिळवून त्यांना मूठमाती देण्याचे काम स्टीफन्स यांच्या वाट्याला आले. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना बोलावून घेऊन, चौकशीविना ठार केले. दोन्ही बाजूंना रक्त सांडले होते.

अशा वेळी माणूस काय करतो? मन कडू करून घेतो किंवा दुसरीकडे बदली मागतो. फादर स्टीफन्स यांनी याच लोकांची भाषा आणखी मन लावून शिकायला घेतली. कोकणी तर त्यांनी आत्मसात केलीच, पण लोक ज्या भाषेत पुराणे ऐकत त्या मराठीचाही त्यांनी सखोल अभ्यास केला. कोकणीचे पहिले व्याकरण त्यांनीच लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापले गेले.

त्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'च्या सुरुवातीला एक प्रसंग आहे. पाद्री मुलांना धर्मशिक्षण देत असताना नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण त्यांना गाठतो. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे पुराण का देत नाही, असे तो विचारतो. किती खरा प्रश्न! गोष्टींवाचून माणूस जगत नाही. नुसते नियम पाठ करून त्याची भूक भागत नाही.

त्या प्रश्नाला फादर स्टीफन्स यांनी जवळजवळ ११ हजार ओव्यांनी उत्तर दिले. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा आहे आणि दुसऱ्यात प्रभू येशूचे जीवन. ओवी लोकांच्या कानावरची होती. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले, कारण ऐकणाऱ्यांच्या ओठावर तोच शब्द होता. १६१६ मध्ये हा ग्रंथ राचोल येथे छापला गेला, पण रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तिथे उपलब्ध नव्हते. तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, फादर स्टीफन्स गोव्यातच देवाघरी गेले.

१६४९ आणि १६५४ मध्ये ग्रंथ पुन्हा छापला गेला. मात्र १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने हुकूम काढून लोकांना तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलण्यास फर्मावले. पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज कोणाला ठाऊक नाही. तरीही पुराण टिकले, कारण भाविकांनी ते हाताने लिहून ठेवले. त्या हस्तलिखितांवरूनच १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापता आले. जे लोकांनी आपले मानले, ते हुकुमाने पुसले गेले नाही.

आता योसेफाकडे परत येऊ. परदेशी नेला गेलेला योसेफ तिथली भाषा शिकला आणि ज्या भावांनी त्याला विकले त्यांनाच त्याने दुष्काळात धान्य दिले. फादर स्टीफन्स यांनी सासष्टीला असेच धान्य दिले, असे मला वाटते. कुंकळ्ळीचे दुःख मनात असताना त्यांनी लोकांच्या हाती त्यांच्याच भाषेतले शास्त्र ठेवले.

तत्त्व बुद्धीला पटते, पण संकटाच्या रात्री आठवते ती गोष्ट. सख्ख्या भावाने फसवले, जमिनीवरून घरे तुटली, अबोला पडला, की क्षमेची व्याख्या उपयोगी पडत नाही. भावांच्या गळ्यात पडून रडणारा योसेफ मात्र डोळ्यांपुढे उभा राहतो. पण त्यासाठी ती गोष्ट आधी कोणीतरी सांगितलेली असावी लागते.

म्हणून या आठवड्यासाठी एवढेच सुचवतो. मुले इंग्रजी शाळेत शिकोत, पण एका रात्री जपमाळेनंतर टीव्ही बंद ठेवा आणि आजीला किंवा आजोबांना योसेफाची गोष्ट आपल्या बोलीत सांगू द्या. पुस्तक नसले तरी चालेल. पुढच्या रविवारी मी वर्गात तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहे. आणि त्या दिवशीच्या प्रवचनात तात्पर्य दोन वाक्यांत आटोपून गोष्ट पूर्ण सांगण्याचा मीही प्रयत्न करीन.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू