ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव

स्वतंत्र भारताला ऑलिंपिक क्रीडामहोत्सवात पहिले वैयक्तिक पदक मिळाले ते कुस्तीत. आणि ते मिळवून दिले सातारा जिल्ह्यातील एका लहानशा खेड्यात वाढलेल्या खाशाबा जाधव यांनी. वर्ष होते १९५२, स्थळ फिनलंडची राजधानी हेलसिंकी. पहिलवान म्हटला की डोंगराएवढा देह, रुंद छाती आणि खांबासारखे दंड असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. खाशाबांची उंची अवघी पाच फूट पाच इंच होती, आणि ज्या गटात त्यांनी पदक मिळविले त्याची कमाल मर्यादा ५७ किलो होती. जाम नदीच्या काठी वाढणाऱ्या आपल्या शाळेतील किती तरी मुले पुढील दोनचार वर्षांत वजनाच्या काट्यावर हाच आकडा पाहतील. म्हणून या थोर मल्लाचे चरित्र विद्यार्थी मित्रांनी मुद्दाम वाचावे असे आहे.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळील गोळेश्वर या गावी झाला. पाच भावांत ते धाकटे. वडील दादासाहेब हे स्वतः नामांकित मल्ल होते. त्यामुळे कुस्तीचे बाळकडू खाशाबांना घरातच मिळाले. इतर मुले विटीदांडू खेळत त्या वयात हा मुलगा वडिलांबरोबर तालमीत उतरला. लाल माती अंगाला लावणे, जोर-बैठका काढणे आणि शड्डू ठोकून उभे राहणे हाच त्याचा खेळ झाला. पुढे कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. १९४२ साली ‘छोडो भारत’ चळवळीचा वणवा सातारा जिल्ह्यात पेटला, तेव्हा खाशाबा सोळा वर्षांचे होते. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याच्या कामात त्यांनीही आपला वाटा उचलला.

त्या काळच्या गावच्या आखाड्यात वजनाचा काटा नसे. वस्ताद दोन गडी शेजारी शेजारी उभे करीत, त्यांचे खांदे, मांड्या आणि मान नजरेने तोलीत, आणि मग जोड ठरे. आपल्या भागातही नागपंचमीच्या सुमारास कुस्त्या लागतात तेव्हा ही जोड लावण्याची रीत दिसते. अनुभवी पंचाची नजर सहसा चुकत नाही. तरीही ती नजरच. एखादा हलका गडी जड गड्यापुढे उभा राहिला तर प्रेक्षकांना मौज वाटते, पण त्या हलक्या गड्याच्या मानेवर आणि गुडघ्यावर काय भार येतो हे ज्याचे त्यालाच ठाऊक. ऑलिंपिकचा आरंभही असाच झाला होता. १८९६ साली अथेन्स येथे झालेल्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये कुस्तीला वजनाचे गट नव्हते. लहान-मोठे सारे एकाच स्पर्धेत लढले. १९०४ पासून गट पाडले गेले, आणि खाशाबांच्या काळापर्यंत मुक्त शैलीच्या कुस्तीत आठ गट झाले. त्यांत सर्वांत हलका फ्लायवेट, म्हणजे ५२ किलोपर्यंतचा, आणि त्यावरचा बँटमवेट, ५७ किलोपर्यंतचा. या गटांमुळेच गोळेश्वरच्या लहानखुऱ्या मल्लाला जगातील मल्लांशी बरोबरीने झुंजण्याची वाट मोकळी झाली.

माध्यमिक शिक्षण संपवून खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी. तेथे त्यांच्या कुस्तीला धार आली. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. प्रतिस्पर्ध्याच्या मानेला कव घालून त्याला क्षणार्धात उलटविण्याचा ढाक हा डाव त्यांच्या विशेष हातखंड्याचा होता. ज्याच्या अंगी वजन थोडे त्याला चपळाई आणि अचूक वेळ साधावी लागते. खाशाबांनी या दोन्ही गोष्टी अखंड मेहनतीने कमावल्या.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासाचा खर्च उचलला आणि बावीस वर्षांचे खाशाबा फ्लायवेट गटात उतरले. मातीत वाढलेल्या या मल्लाला तेथील गादी नवी होती. मातीत पाय रुततो, गादीवर तो निसटतो. मातीत चितपट हाच निकाल, तर गादीवर गुणांचा हिशेब. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना नव्या नियमांची थोडीफार ओळख करून दिली. एवढ्या तयारीवर त्यांनी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका यांच्या मल्लांना हरविले. पण इराणचा मन्सूर रईसी त्यांना भारी पडला. अखेर त्यांचा सहावा क्रमांक आला. पहिल्याच परदेशवारीत, अनोळखी गादीवर मिळालेले हे यश लहान नव्हते. खाशाबांना मात्र त्यात समाधान नव्हते. परत येताच त्यांनी पुढील चार वर्षांची मेहनत आरंभली.

या चार वर्षांत एक गोष्ट घडली. तिच्याकडे आपण सहसा लक्ष देत नाही. खाशाबा ५२ किलोच्या गटातून ५७ किलोच्या गटात गेले. पुन्हा खालच्या गटातच उतरावे, पोट मारून, अंगातील पाणी आटवून जुनाच आकडा गाठावा आणि आपल्याहून दुबळ्या प्रतिस्पर्ध्यावर मात करावी, असा मोह अनेक मल्लांना पडतो. खाशाबांनी वरच्या गटाची वाट धरली. तेथील प्रतिस्पर्धी अधिक वजनाचे आणि अधिक ताकदीचे होते. तथापि भरल्या अंगाने, पुरत्या बळाने त्यांना सामोरे जाता येणार होते.

हेलसिंकीची वाट सोपी नव्हती. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत आपल्यावर अन्याय झाला असे त्यांना वाटले, तेव्हा त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. निवड-कुस्ती पुन्हा झाली, आणि खाशाबांनी कलकत्त्याच्या निरंजन दासला चितपट करून आपला हक्क सिद्ध केला. मग प्रश्न आला पैशांचा. सरकारदरबारी वेळेवर दाद लागली नाही. कराड आणि गोळेश्वरच्या लोकांनी ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्यासाठी राहते घर गहाण टाकणारा गुरू आणि ते ऋण मनात बाळगून सातासमुद्रापार जाणारा शिष्य, असे हे गुरुशिष्य होते.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाच्या पोलिक्विनला आणि मेक्सिकोच्या बासुर्तोला चीत केले. जर्मनीच्या श्मिट्झवरही त्यांनी विजय मिळविला. त्यानंतर गाठ पडली जपानच्या शोहाची इशीशी. तोही १९२६ सालीच जन्मलेला, तितकाच चिवट. कुस्ती दीर्घकाळ रंगली आणि गुणांवर इशी विजयी झाला. थकल्या अंगाने खाशाबा गादीवरून उतरतात न उतरतात तोच त्यांना सोव्हिएत रशियाच्या रशीद मामेदबेकोव्हशी लढण्यास बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. परंतु खेळाडूच्या बाजूने तो नियम बजावून सांगणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. खाशाबा तसेच उभे राहिले, आणि हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. जपानला त्या ऑलिंपिकमध्ये मिळालेले एकमेव सुवर्णपदक ते इशीचेच. त्याच स्पर्धेत फेदरवेट गटात केशव माणगावे या दुसऱ्या मराठी मल्लाचा चौथा क्रमांक आला. त्यांचे पदक थोडक्यात हुकले.

खाशाबा मायदेशी परतले तेव्हा कराड परिसरात त्यांची शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गोळेश्वरचे नाव देशभर झाले. परंतु हार-तुऱ्यांत खाशाबा रमले नाहीत. त्यांना आठवत होते ते गहाण पडलेले घर. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरविली, स्वतः त्यांत उतरले आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडवून दिले. पदकाइतकीच ही गोष्टही मोलाची आहे. किंबहुना त्यांच्या स्वभावाचे खरे वजन याच प्रसंगी कळते.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला त्यांना जाता आले नाही. पुढे सत्तावीस वर्षे त्यांनी पोलीस दलात सेवा केली आणि साहाय्यक पोलीस आयुक्त या पदापर्यंत ते पोहोचले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या वेळी मशाल वाहून नेण्याचा मान त्यांना मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. २०१० साली दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीगृहाला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्यानंतर भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले, आणि कुस्तीतील दुसरे पदक तर २००८ साली मिळाले.

विद्यार्थी मित्रहो, खाशाबांच्या चरित्रातील त्या दोन आकड्यांचा, ५२ आणि ५७ यांचा, आज नव्याने विचार करण्याची वेळ आली आहे. शालेय स्पर्धांत आता १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे वयाचे विभाग असतात आणि प्रत्येक विभागात वजनाचे गट. लहान मुलाची गाठ मोठ्याशी पडू नये, हा यामागील हेतू. पण ज्या काट्याने मुलांचे रक्षण करावयाचे, त्याच काट्यापायी मुले उपाशी राहू लागली तर तो हेतूच फसतो. वजन करण्याच्या आदल्या दिवशी अन्न-पाणी सोडणे, अंगावर जाड कपडे चढवून उन्हात धावणे, घाम गाळून किलो-दोन किलो उतरविणे, हे प्रकार अनेक आखाड्यांत चालतात. असे उतरलेले वजन बहुतांशी पाण्याचे असते. पाणी घटले की रक्त घट्ट होते, हृदयाला जास्त श्रम पडतात आणि अंगातील उष्णता बाहेर पडेनाशी होते. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस सुमारे महिनाभराच्या काळात महाविद्यालयातील तीन तरुण मल्ल अशाच रीतीने वजन उतरविताना प्राणास मुकले. तेव्हा तेथील क्रीडासंस्था जाग्या झाल्या. पुढे तेथील शाळांतही नियम आले. अंगातील पाणी पुरेसे आहे की नाही हे तपासूनच मुलाचा किमान गट ठरवावयाचा. मुलांच्या शरीरात ७ टक्के आणि मुलींच्या शरीरात १२ टक्के यांहून कमी चरबी राहील इतके वजन उतरवू द्यावयाचे नाही. आणि आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्याहून अधिक घट होऊ द्यावयाची नाही.

मोठ्यांच्या स्पर्धेतही हा काटा किती कठोर असतो हे आपण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पाहिले. ५० किलो गटात अंतिम फेरी गाठलेल्या विनेश फोगाट यांचे वजन दुसऱ्या दिवशी सकाळी १०० ग्रॅमने अधिक भरले आणि रात्रभर झटूनही त्या अपात्र ठरल्या. त्याच स्पर्धेत अमन सेहरावत यांनी एका रात्रीत साडेचार किलोंहून अधिक वजन उतरवून कांस्यपदक मिळविले. तेही खाशाबांच्याच ५७ किलो गटात. पण ते एकवीस वर्षांचे होते आणि त्यांच्यापाशी जाणकार मार्गदर्शकांचा ताफा होता. चौदा वर्षांच्या मुलाने त्यांची नक्कल करू नये.

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील बागाईतदाराला ही गोष्ट निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. बहार धरण्यासाठी संत्र्याच्या झाडाचे पाणी तोडून त्याला ताण देतात. पण तो फळावर आलेल्या, मुळे खोल गेलेल्या झाडाला. कालपरवा लावलेल्या कलमाचे पाणी कोणी तोडत नाही. तोडले तर ते वाळून जाते, आणि पुढे कितीही पाणी घातले तरी फुटत नाही. शाळेतील मुलाचे शरीर हे असेच कलम आहे. त्याची हाडे वाढत असतात, उंची वाढत असते, म्हणून वजनही वाढलेच पाहिजे. गतवर्षीच्या गटात यंदा तो बसला नाही तर त्याने वरच्या गटात जावे, तेथे एखादी कुस्ती हरावी, आणि पोटभर जेवून पुढील वर्षाची तयारी करावी. पालकांनी आणि शिक्षकांनी त्याला त्यासाठी धीर द्यावा. पदकाच्या लोभाने त्याच्या ताटातील भाकरी कमी करू नये.

खाशाबा जाधव लंडनला सहावे आले आणि वरच्या गटात जाऊन हेलसिंकीला तिसरे आले. अंगाने ते लहानच राहिले, पण जो गट त्यांनी पत्करला त्यात पूर्ण ताकदीनिशी लढले. आखाड्यात पाय ठेवणाऱ्या प्रत्येक मुलाने हा आदर्श समोर ठेवला, तर आपल्या सावरगावच्या मातीतूनही उद्या निरोगी, निधड्या छातीचे मल्ल तयार होतील.